तालुक्याच्या गावी छायाचित्रांचे झीन कसे तयार करावे

छायाचित्रांचे पुस्तक म्हटले की जाड चकचकीत कागद, पुठ्ठ्याची बांधणी आणि हजारांतली किंमत डोळ्यांसमोर येते, आणि त्यामुळे गावात राहून वर्षानुवर्षे चांगली छायाचित्रे काढणारी माणसे पुस्तकाचा विचारच करीत नाहीत. त्यांची छायाचित्रे मोबाइलमध्ये राहतात, एक दिवस स्टेटसला दिसतात आणि मोबाइल बिघडला की जातात. हा लेख त्यांच्यासाठी आहे. झेरॉक्सचे दुकान, लग्नपत्रिका छापणारा कारागीर, बिलबुके बांधणारा छापखाना एवढे विदर्भातल्या बहुतेक तालुक्यांच्या गावी असते, आणि सोळा पानांचे छायाचित्र-पुस्तक, म्हणजेच झीन (स्वतःच थोड्या प्रतींत काढलेली पातळ पुस्तिका), काढायला एवढे पुरते. माझे मत असे आहे की आकार, कागद आणि बांधणी जवळच्या यंत्राला व आपल्या हाताला जमेल तशी ठरवावी, त्यासाठी कर्ज काढू नये किंवा कोणा प्रकाशकाची वाट पाहू नये, आणि वाचलेला सगळा वेळ छायाचित्रांचा क्रम लावण्यात घालावा.

या प्रकाराला मोठी परंपरा आहे. अमेरिकी चित्रकार एड रुशे याने १९६३ साली लॉस एंजेलिस ते ओक्लाहोमा या रस्त्यावरच्या सव्वीस पेट्रोल पंपांची साधी, कोणताही देखावा नसलेली छायाचित्रे एका पातळ पुस्तकात छापली. पहिल्या आवृत्तीच्या प्रती केवळ ४०० होत्या. १९६६ साली त्याने लॉस एंजेलिसमधल्या सनसेट स्ट्रिप या रस्त्याच्या दोन्ही बाजूंच्या सगळ्या इमारती घडीच्या एका लांब पट्टीवर मांडल्या. आपल्याकडे छायाचित्रकार दयानिता सिंग यांनी २००८ साली सात लहान घडीपुस्तके कापडी पेटीत घालून प्रकाशित केली. प्रवासातली छायाचित्रे अशा वहीत चिकटवून एक प्रत सोबत्याला द्यायची आणि एक स्वतःजवळ ठेवायची, या त्यांच्या खाजगी सवयीतून ती पुस्तके आली. छायाचित्रकार सोहराब हुरा यांनी तर स्वतःच्याच छोट्या प्रकाशनाकडून पुस्तके काढली आणि त्यांतल्या एका पुस्तकाला २०१९ साली पॅरिस फोटो हा मेळा व अ‍ॅपर्चर ही संस्था यांचा त्या वर्षीच्या सर्वोत्तम छायाचित्र-पुस्तकाचा पुरस्कार मिळाला. मराठी वाचकाला हा मार्ग अनोळखी वाटू नये, कारण १९५४ साली अरुण कोलटकर, दिलीप चित्रे आणि रमेश समर्थ यांनी ‘शब्द’ हे अनियतकालिक सायक्लोस्टाइल करूनच काढले होते. त्यांच्याकडे सायक्लोस्टाइल होते, आपल्याकडे झेरॉक्स आहे.

विषय लहान आणि मोजता येण्याजोगा घ्यावा

‘माझे गाव’ किंवा ‘शेतकऱ्याचे जीवन’ असा विषय घेतला की छायाचित्रे कितीही जमली तरी पुस्तक संपत नाही, कारण कोणते छायाचित्र आत घ्यावे आणि कोणते वगळावे याला काही माप राहत नाही. त्याऐवजी ज्याची यादी करता येईल असा विषय निवडावा. एका रस्त्यावरचे पानठेले, तान्ह्या पोळ्याला मुलांनी आणलेले लाकडी बैल, एकाच जिनिंगच्या फाटकासमोर हंगामभर लागणाऱ्या कापसाच्या गाड्या, तेंदूपत्त्याच्या फळीवर (संकलन केंद्रावर) मे महिन्यात वाळत घातलेली पुडकी, गावातल्या वापरात नसलेल्या विहिरी: यांपैकी कोणताही विषय सोळा पानांत मावतो आणि तरीही त्यातून सगळा मुलूख दिसतो.

या लेखात समजावण्यासाठी मी एकच उदाहरण शेवटपर्यंत घेतो. ब्रह्मपुरीहून आरमोरीमार्गे गडचिरोलीला जाताना रस्त्याच्या कडेला एसटीचे जे प्रवासी निवारे लागतात, त्यांचे झीन करायचे आहे असे समजू. निवारा ही वरवर पाहता अगदी साधी वस्तू आहे. तीन भिंती, एक स्लॅब, एक सिमेंटचा बाक. जवळ जाऊन पाहिले की एकाच्या कपाळावर कोणाच्या निधीतून बांधला ते ऑइलपेंटने लिहिलेले असते आणि त्या अक्षरांखालून आधीच्या वर्षांचे नाव अर्धवट डोकावत असते. दुसऱ्याच्या आतल्या भिंतीवर झाडीपट्टीच्या, म्हणजे पूर्व विदर्भातल्या या मुलखाच्या, नाटकांची पोस्टरे एकावर एक चिकटून त्यांचा पुठ्ठा झालेला असतो, आणि नायिकेच्या गालावर कोणीतरी बोअरवेलवाल्याचा मोबाइल क्रमांक कोळशाने लिहून ठेवलेला असतो. तिसऱ्यात धानाची पोती असतात आणि प्रवासी बाहेर उन्हात उभे असतात. असे तपशील जिथे आपोआप सापडत जातात, तो विषय चांगला समजावा.

विदर्भाबाबत एक गोष्ट येथेच सांगितली पाहिजे. गेली वीस-पंचवीस वर्षे बाहेरून येणाऱ्या कॅमेऱ्यांनी या भागात मुख्यतः आत्महत्याग्रस्त घरांची दारे आणि रडणाऱ्या स्त्रियांचे चेहरे टिपले. ते दुःख खरे आहे, आणि तरीही जो येथेच राहतो त्याने तेच चित्र पुन्हा काढण्याची घाई करू नये. आपल्याला त्या घरी पुढच्या आठवड्यातही जायचे असते. कोणाच्या घरातले, शोकातले किंवा आजारपणातले छायाचित्र पुस्तकात घ्यायचे असेल, तर ते छायाचित्र छापून त्या माणसाच्या हाती द्यावे, पुस्तक कसे असेल ते दाखवावे, आणि नंतर पुन्हा विचारावे. मोबाइलच्या पडद्यावर पाहून दिलेला होकार आणि कागदावर पाहून दिलेला होकार यांत फरक पडतो. लहान मुलांच्या बाबतीत आईवडिलांना विचारल्याशिवाय चेहरा घेऊच नये.

छायाचित्रे काढताना

झीनसाठी महागडा कॅमेरा लागत नाही. बारा मेगापिक्सेलच्या मोबाइलचे छायाचित्र साधारण ४००० गुणिले ३००० पिक्सेलचे असते, आणि ३०० डीपीआयने (इंचाला ३०० ठिपके) ए-५ चे, म्हणजे ए-४ च्या निम्म्या आकाराचे, पूर्ण पान भरण्यासाठी २४८० गुणिले १७४८ पिक्सेल पुरेसे असतात. डिजिटल झूम मात्र वापरू नये. पायांनी जवळ जावे. मालिकेसाठी एक नियम ठरवून तो पाळावा: निवाऱ्याच्या समोर, रस्त्याच्या पलीकडून, कॅमेरा छातीच्या उंचीवर आणि क्षितिज सरळ. असा नियम पाळला की वस्तूंमधले फरक स्वतःहून पुढे येतात. नियमानुसार एक छायाचित्र काढून झाल्यावर मनाला वाटेल तशी जवळची दोन-तीन काढावीत, कारण क्रम लावताना त्यांची गरज पडते. विदर्भातले उन्हाळ्याच्या दुपारचे ऊन सावल्या काळ्याठिक्कर करते आणि झेरॉक्सवर त्या सावल्यांमध्ये काहीच दिसत नाही. म्हणून सकाळी नऊच्या आत किंवा पावसाळी आभाळ असताना काढलेली छायाचित्रे छपाईला अधिक सोयीची ठरतात.

छायाचित्रे व्हॉट्सअ‍ॅपवर साधा फोटो म्हणून कोणालाही पाठवू नयेत, कारण तसे पाठवल्यास फाइल आक्रसते. डॉक्युमेंट म्हणून पाठवावीत किंवा पेनड्राइव्हवर द्यावीत. मूळ फाइली दोन ठिकाणी ठेवाव्यात आणि गावाचे नाव व तारीख त्याच दिवशी वहीत टिपून ठेवावी.

निवड आणि क्रम

सगळ्या कामातला हा सर्वांत महत्त्वाचा भाग आहे आणि यालाच सर्वांत जास्त वेळ द्यावा. संगणकाच्या पडद्यावर क्रम लावू नये. एका ए-४ कागदावर नऊ छायाचित्रे बसतील अशा रीतीने सगळी छायाचित्रे साध्या झेरॉक्सवर छापून घ्यावीत, कात्रीने वेगळी करावीत, आणि पंखा बंद करून सतरंजीवर पसरावीत. पहिल्या दिवशी केवळ वगळण्याचे काम करावे. साठ छायाचित्रे असतील तर पंचवीस उरेपर्यंत काढून टाकावीत. एखादे छायाचित्र काढताना खूप कष्ट झाले, बस चुकली, पावसात भिजलो, म्हणून ते पुस्तकात राहू नये. वाचकाला ते कष्ट दिसत नसतात, त्याला केवळ चित्र दिसते.

दुसऱ्या दिवशी जोड्या लावाव्यात. पुस्तक उघडले की डावे आणि उजवे अशी दोन पाने एकदम दिसतात, आणि त्या दोन चित्रांमध्ये जे नाते तयार होते ते सुट्या चित्रात नसते. नात्याचे प्रकार पुष्कळ असतात. आकाराचे नाते असू शकते, जसे डावीकडे निवाऱ्याचा चौकोनी काळोख आणि उजवीकडे बंद पडलेल्या दुकानाचे शटर. कधी ते काळाचे असते, जसे रिकामा बाक आणि त्याच बाकावर बाजाराच्या दिवशीची गर्दी. प्रश्नाचे नातेही असू शकते: ज्या गावाच्या पाटीवर नाव स्पष्ट आहे त्याच्या शेजारी जिच्यावरचे नाव पुसले गेले आहे अशी पाटी ठेवली, तर खाली एक शब्दही न लिहिता वाचक थांबतो. दोन प्रभावी चित्रे समोरासमोर ठेवली तर ती बहुधा एकमेकांना मारतात. अशा वेळी एकासमोर कोरे पान ठेवावे. कोरे पान म्हणजे वाया गेलेला कागद असे नवख्याला वाटते आणि तो त्यावर काहीतरी बसवू पाहतो, ते टाळावे.

जोड्यांनंतर पान उलटण्याचा विचार करावा. उजव्या पानावरचे चित्र वाचकाला पुढे ढकलते, आणि पान उलटल्यावर डावीकडे काय भेटणार हे त्याला माहीत नसते. म्हणून जिथे धक्का द्यायचा किंवा गती बदलायची तिथे पान उलटावे लागेल अशीच मांडणी करावी. निवाऱ्यांच्या उदाहरणात पहिली सात पाने समोरून घेतलेले एकसारखे निवारे यावेत, वाचकाला आता पुढेही असेच येणार असे वाटू लागावे, आणि पान उलटल्यावर आठव्या पानावर आतून, बाकावर बसून बाहेर दिसणारा रस्ता यावा. तेथून पुस्तकाची बाजू बदलते, कारण आतापर्यंत आपण निवाऱ्याकडे पाहत होतो आणि आता निवाऱ्यात बसून वाट पाहतो आहोत. एकच चित्र दोनदा वापरण्यासही हरकत नाही. आधी उल्लेखलेल्या सोहराब हुरा यांच्या पुरस्कारप्राप्त पुस्तकात एकच लहान गोष्ट थोडेथोडे बदल होत पुन्हा पुन्हा येते आणि त्या पुनरुक्तीतूनच वाचक अस्वस्थ होत जातो.

क्रम लागला की कात्रणे एका कच्च्या वहीत डिंकाने चिकटवून ती वही पुस्तकांशी फारसा संबंध नसलेल्या एखाद्या माणसाच्या हाती द्यावी आणि आपण गप्प बसावे. समजावून सांगू नये. त्याचा हात कोणत्या पानावर थांबतो, कोणती पाने तो दोन-दोन एकदम उलटतो, तो मागे केव्हा जातो, एवढेच पाहावे. जी पाने तीन जणांनी घाईने उलटली त्यांचा विचार पुन्हा करावा.

मजकूर कमीत कमी ठेवावा, आणि तो चित्राखाली चित्राचेच वर्णन करणारा नसावा. निवाऱ्याच्या चित्राखाली ‘प्रवासी निवारा’ असे लिहून काही साधत नाही. तेथे बसलेल्या आजीने सांगितलेली गोष्ट तिच्याच झाडीबोलीत, तिला विचारून, एका वेगळ्या पानावर दिली तर पुस्तकात एक आवाज येतो. त्या बोलीचे प्रमाण मराठी करू नये.

आकार ठरवणे

सर्वांत सोपा प्रकार एका ए-४ कागदाच्या आठ पानांचा. कागद आडवा धरून घड्या घालून त्याची आठ सारखी घरे पाडावीत, वरच्या ओळीत चार आणि खालच्या ओळीत चार. नंतर तो रुंदीत अर्धा दुमडून दुमडलेल्या कडेपासून मधल्या रेषेवर पुढच्या घडीपर्यंतच कापावा, म्हणजे उलगडल्यावर मधोमध दोन घरांएवढी चीर दिसते. खालच्या ओळीत डावीकडून ६, ७, ८, १ ही पाने सरळ, आणि वरच्या ओळीत डावीकडून ५, ४, ३, २ ही पाने उलटी बसवावीत. कागद लांबीत दुमडून दोन्ही टोके आत ढकलली की चीर उघडते आणि आठ पानांचे पुस्तक मिटते. यात शिवण नाही, डिंक नाही आणि छपाई एकाच बाजूला आहे. शाळेतल्या मुलांबरोबर करण्यासाठी याहून चांगला प्रकार मला माहीत नाही.

निवाऱ्यांसारख्या मालिकेला ए-५ आकाराचे सोळा पानांचे, मधोमध शिवलेले पुस्तक योग्य ठरते. ए-४ चे चार कागद दोन्ही बाजूंनी छापून मधोमध दुमडले की सोळा पाने होतात. म्हणून पानांची संख्या नेहमी चारच्या पटीत ठेवावी. पाने कागदावर कशी बसतात ते असे: पहिल्या कागदाच्या बाहेरच्या बाजूस १६ आणि १, आतल्या बाजूस २ आणि १५, दुसऱ्यावर १४ आणि ३, मागे ४ आणि १३, तिसऱ्यावर १२ आणि ५, मागे ६ आणि ११, चौथ्यावर १० आणि ७, मागे ८ आणि ९. कोणत्याही बाजूवरच्या दोन क्रमांकांची बेरीज १७ आली पाहिजे, ही पडताळणी दुकानात उभ्या उभ्या करता येते. रस्त्याची सलगता दाखवायची असेल तर घडीपट्टी करावी. ए-४ कागदाच्या लांबीत कापलेल्या पट्ट्या एकमेकींना एक सेंटिमीटर चढवून चिकटवल्या की हवी तेवढी लांब होते.

मांडणी आणि फाइल

संगणकावर स्क्रायबस हे मोफत सॉफ्टवेअर पुरेसे आहे. ज्यांच्याकडे केवळ मोबाइल आहे त्यांनी कॅनव्हा या अ‍ॅपवर ए-५ आकाराची पाने क्रमाने करून पीडीएफ घ्यावी आणि दुकानात अ‍ॅक्रोबॅट रीडरमधून छापताना ‘बुकलेट’ हा पर्याय निवडावा, म्हणजे वरची बेरीज-वजाबाकी यंत्र स्वतःच करते. दोन्ही बाजूंची छपाई आखूड कडेवर उलटणारी ठेवावी, नाहीतर मागची पाने डोक्यावर उभी छापली जातात.

अक्षरांची अडचण आपल्याकडे वेगळी आहे. डीटीपीच्या अनेक दुकानांत अजून श्रीलिपीसारख्या जुन्या पद्धतीच्या फॉन्टवर काम चालते, आणि मोबाइलवर युनिकोडमध्ये लिहिलेला मजकूर तेथे नेला की जोडाक्षरे तुटतात, वेलांट्या पुढच्या अक्षरावर जाऊन बसतात. म्हणून मजकूर दुकानात पुन्हा टाइप करून घेऊ नये. फॉन्ट अंतर्भूत केलेली पीडीएफच न्यावी. मुक्त, बालू आणि तिरो देवनागरी मराठी हे फॉन्ट विनामूल्य मिळतात. शेवटच्या फॉन्टमध्ये ‘ल’ आणि ‘श’ ही अक्षरे मराठी वळणाची आहेत, आणि मराठी पुस्तकात ती तशीच असावीत असा माझा आग्रह आहे.

लेझर यंत्रे कागदाच्या कडेला चार-पाच मिलिमीटर जागा छापत नाहीत. त्यामुळे कडेपर्यंत चित्र नेण्याचा हट्ट सोडून सर्व बाजूंनी किमान एक सेंटिमीटर पांढरी चौकट ठेवावी. दुमडीच्या बाजूला ती थोडी अधिक असावी.

कागद आणि छपाई

झेरॉक्सच्या दुकानात ७० किंवा ७५ जीएसएमचा (एक चौरस मीटर कागदाचे ग्रॅममधले वजन) कागद असतो. दोन्ही बाजूंनी छायाचित्र छापले की त्यातून मागचे दिसते. शक्य असेल तर ९० ते १०० जीएसएमचा मॅपलिथो कागद घ्यावा. तालुक्याच्या छापखान्यात मोठे ताव असतात आणि छापखानेवाला ते ए-४ मापात कापून देतो. चकचकीत आर्ट पेपर घेऊ नये, कारण उजेडात तो चमकतो आणि बोटांचे ठसे धरतो. कागदाची निर्मिती आपल्याच प्रदेशात होते हे सहज आठवण्यासारखे आहे: बल्लारपूरच्या गिरणीत बांबूच्या लगद्यापासून कागद तयार होत आला आहे, आणि वर्ध्याच्या मगनवाडीत १९३४ साली स्थापन झालेल्या अखिल भारतीय ग्रामोद्योग संघाने हातकागदाचे काम हाती घेतले होते. मुखपृष्ठासाठी हातकागद मिळाला तर जरूर वापरावा. आतल्या पानांसाठी तो झेरॉक्स यंत्रात घालू नये, कारण त्याचे तंतू आत अडकतात.

हवामानाकडे लक्ष द्यावे. श्रावणात कागद ओल धरतो, यंत्रातल्या उष्णतेने त्याला सुरकुत्या पडतात आणि दोन्ही बाजूंच्या छपाईत तो अडकतो. म्हणून रीम शेवटच्या क्षणी उघडावी आणि उरलेली प्लास्टिकमध्ये गुंडाळावी. मे महिन्यात उलट होते, कोरड्या हवेत कागद एकमेकांना चिकटतात आणि यंत्र दोन-दोन ओढते. तेव्हा गठ्ठा हाताने पंख्यासारखा फडफडवून मगच ट्रेमध्ये ठेवावा. भारनियमनाची वेळ आधी विचारून घ्यावी.

झेरॉक्सची काळी शाई म्हणजे प्रत्यक्षात उष्णतेने वितळून कागदावर बसलेली भुकटी असते. तिच्यात करड्या छटा कमी येतात आणि गडद भाग एकसलग काळे होतात. म्हणून छपाईपूर्वी छायाचित्र पडद्यावर जरा फिकट वाटेल इतके उजळावे, विशेषतः मधल्या छटा. हे अंदाजाने करण्यापेक्षा एकच छायाचित्र पाच वेगवेगळ्या उजळपणांत एका कागदावर मांडून त्याच दुकानात, त्याच यंत्रावर छापून पाहावे आणि त्यांतले योग्य ठरवून सर्व छायाचित्रांना तेच माप लावावे. दुकानदाराला दुपारच्या शांत वेळी भेटावे. शाळेचे प्रवेश किंवा पीकविम्याचे अर्ज चालू असतील त्या आठवड्यात जाऊ नये. काम काय आहे ते त्याला कच्ची वही दाखवून सांगितले की बहुतेक दुकानदार मनापासून रस घेतात, स्वतः काच पुसतात आणि टोनर संपत आला असेल तर बदलतात.

प्रती शंभरापेक्षा जास्त काढायच्या असतील तर शाळा-महाविद्यालयांत प्रश्नपत्रिकांसाठी वापरतात ते डिजिटल डुप्लिकेटर यंत्र कोणाकडे आहे ते शोधावे. त्यात एकदा स्टेन्सिल तयार झाले की प्रती वाढतील तसा प्रत्येक प्रतीचा दर उतरत जातो. त्याची शाई थोडी दाणेदार आणि मऊ उमटते. छायाचित्राला ती फार शोभते. शाई उशिरा सुकते, म्हणून एक बाजू छापल्यावर दुसरी बाजू दुसऱ्या दिवशी छापावी.

मुखपृष्ठासाठी लग्नपत्रिका छापणाऱ्या कारागिराकडे जावे. स्क्रीन प्रिंटिंगची त्याची हातोटी आणि एका रंगाचा दाट, हाताला जाणवणारा ठसा कोणत्याही लेझर यंत्राला येत नाही. लग्नसराईत त्याला श्वास घ्यायला वेळ नसतो, पण चातुर्मासात काम कमी असते आणि शंभर मुखपृष्ठांचे काम तो आनंदाने करतो. पावसाळी हवेत शाई वाळायला वेळ लागतो, तेवढा दिवस जास्त धरावा. २२० ते २५० जीएसएमचा रंगीत कार्डशीट कागद घ्यावा आणि त्यावर गडद निळा किंवा तांबडा असा एकच रंग छापावा.

ज्यांना मुखपृष्ठ स्वतःच करायचे आहे त्यांच्यासाठी सायनोटाइप, म्हणजे उन्हाने उमटणारी निळी छपाई, हा मार्ग आहे. ही पद्धत जॉन हर्शेल यांनी १८४२ साली शोधली, आणि पुढच्याच वर्षी अ‍ॅना अ‍ॅटकिन्स या वनस्पतिशास्त्रज्ञ बाईंनी तिच्या साहाय्याने समुद्रशैवालांचे पुस्तक काढायला सुरुवात केली. छायाचित्रांचे पहिले पुस्तक म्हणून त्याचीच गणना होते. १०० मिलिलिटर पाण्यात २५ ग्रॅम फेरिक अमोनियम सायट्रेट आणि वेगळ्या १०० मिलिलिटर पाण्यात १० ग्रॅम पोटॅशियम फेरिसायनाइड विरघळवावे. दोन्ही सारख्या प्रमाणात एकत्र करून अंधाऱ्या खोलीत ब्रशने कागदावर लावून सुकवावे. त्यावर पारदर्शक प्लास्टिकवर झेरॉक्स केलेली निगेटिव्ह ठेवून काचेखाली उन्हात धरावे आणि नंतर पिवळी झाक जाईपर्यंत साध्या पाण्यात धुवावे. विदर्भातल्या कडक उन्हात काही मिनिटे पुरतात. नेमका वेळ कागदाच्या पट्ट्यांवर पाहून ठरवावा. हातमोजे घालावेत, भांडी स्वयंपाकाची नसावीत, आणि फेरिसायनाइड कोणत्याही आम्लाजवळ नेऊ नये.

दुमडणे आणि शिवणे

कागदालाही दिशा असते. तंतूंच्या दिशेने घडी स्वच्छ पडते, आडवी घडी तडकते. ए-४ कागदात तंतू बहुधा लांबीच्या दिशेने असतात आणि ए-५ साठी आपण त्यांना आडवे दुमडतो. पातळ कागदाला त्याने बिघडत नाही, मात्र मुखपृष्ठाच्या जाड कागदावर आधी लोखंडी पट्टी ठेवून शाई संपलेल्या बॉलपेनाच्या टोकाने खोल रेघ ओढावी आणि मगच दुमडावे. घडी स्टीलच्या चमच्याच्या पाठीने घासून पक्की करावी. झेरॉक्सची काळी भुकटी घडीवर तडकून पांढरी रेघ दिसते, म्हणून मुखपृष्ठावर घडीच्या जागी गडद छपाई ठेवूच नये.

शिवणीसाठी दाभण, जाड सुई आणि पांढरा जाड सुती दोरा एवढे साहित्य लागते. दोरा मेणबत्तीवरून दोनदा ओढावा, म्हणजे तो गुंतत नाही. दुमडलेली पाने मुखपृष्ठात बसवून उघडी धरावीत आणि घडीवर तीन छिद्रे पाडावीत: एक मध्यावर आणि दोन वरच्या-खालच्या टोकांपासून प्रत्येकी चार सेंटिमीटर आत. खाली जुन्या वर्तमानपत्रांचा गठ्ठा ठेवला की दाभण सरळ जाते. पुस्तकाच्या उंचीच्या तिप्पट दोरा घ्यावा. सुई आतून मधल्या छिद्रातून बाहेर काढावी आणि आत आठ-दहा सेंटिमीटर शेपूट सोडावे. बाहेरून वरच्या छिद्रातून आत यावे, आतल्या बाजूने मधले छिद्र ओलांडून खालच्या छिद्रातून बाहेर जावे, आणि पुन्हा मधल्या छिद्रातून आत यावे. आता दोऱ्याची दोन टोके आतल्या लांब टाक्याच्या दोन्ही बाजूंना आली पाहिजेत. तो टाका मध्ये धरून घट्ट दुहेरी गाठ मारावी आणि टोके एक सेंटिमीटर ठेवून कापावीत. दोरा ओढताना तो कागदाला समांतर ओढावा, वर ओढला की छिद्र फाटते.

सुटे कागद एका कडेला शिवायचे असतील तर दुकानांतल्या लाल कापडाच्या खतावण्या नीट उलटून पाहाव्यात. ती बांधणी करणारा कारागीर गावात असेल, तर त्याच्याजवळ बसून शिकावे.

चिकटवण्यासाठी मैद्याची खळ फेव्हिकॉलपेक्षा मला बरी वाटते, कारण ती सावकाश वाळते आणि कागद सरकवून नीट बसवता येतो. पूर्वीचे बांधणीवाले कसर लागू नये म्हणून खळीत चिमूटभर मोरचूद घालत. ते विषारी असल्यामुळे घरात लहान मुले असतील तर ते न घालता खळ त्या दिवसापुरतीच करावी. शिवून झाल्यावर पुस्तके रात्रभर वजनाखाली ठेवावीत आणि दुसऱ्या दिवशी छापखान्यातल्या कटिंग मशीनवर उघडी कड दोन-तीन मिलिमीटर छाटून घ्यावी, कारण आतली पाने दुमडीमुळे थोडी बाहेर सरकलेली असतात.

खर्च, प्रती आणि वाटप

हिशेब साधा आहे. सोळा पानांच्या एका प्रतीला चार कागद, म्हणजे आठ छाप लागतात. छापाला दोन रुपये दर धरला तर आतला भाग सोळा रुपयांत होतो, आणि पन्नास प्रतींचे आठशे रुपये. त्यात मुखपृष्ठ, दोरा आणि छाटणी धरावी. पहिल्यांदा पन्नासच प्रती काढाव्यात. किंमत ठरवताना आपले श्रम त्यात धरावेत, फुकट वाटू नये. मात्र ज्यांची छायाचित्रे आत आहेत त्यांच्याकडून पैसे घेऊ नयेत.

शेवटच्या पानावर आपले नाव, गाव, महिना-वर्ष, किती प्रती काढल्या ती संख्या आणि छपाई व मुखपृष्ठ करणाऱ्या कारागिरांची नावे त्यांना विचारून द्यावीत. आयएसबीएन क्रमांक झीनला आवश्यक नाही. हवा असेल तर राजा राममोहन रॉय राष्ट्रीय संस्थेकडून तो विनामूल्य मिळतो. ठरावीक मुदतीने बातम्या किंवा त्यांवरचे भाष्य छापायचे ठरवले तर मात्र ते नियतकालिक होते आणि २०२३ च्या कायद्यानुसार त्याची नोंदणी करावी लागते, म्हणून झीनला मासिकाचे रूप देऊ नये.

पहिल्या प्रती छायाचित्रांतल्या माणसांना पोहोचवाव्यात. त्यानंतरची प्रत गावच्या वाचनालयाला द्यावी आणि ती दाखलनोंद वहीत चढवून घेण्याची विनंती करावी, कारण नोंद झालेले पुस्तक सहजासहजी टाकून दिले जात नाही. महाराष्ट्रात १९६७ च्या ग्रंथालय कायद्यामुळे लहान लहान गावांतही ‘ड’ वर्गाची वाचनालये आहेत आणि त्यांत स्थानिक विषयावरची पुस्तके फार थोडी असतात. निवाऱ्यांचे झीन असेल तर प्रती बसस्थानकावरच्या पुस्तकांच्या स्टॉलवर, त्या रस्त्यावरच्या पानठेल्यांवर आणि नाटकांच्या हंगामात वडसा येथील नाट्यमंडळांच्या कार्यालयांत ठेवायला द्याव्यात. बाहेरच्या वाचकांसाठी मुंबईत २०१७ पासून भरू लागलेला बॉम्बे झीन फेस्ट आणि इतर शहरांतले असे मेळे आहेत. तेथे प्रती विकण्यापेक्षा इतरांशी अदलाबदल करावी, म्हणजे दुसरे लोक काय करीत आहेत ते कागदावर पाहायला मिळते. टपालाने पाठवताना दोन पुठ्ठ्यांमध्ये ठेवून वर प्लास्टिक घालावे.

छपाईची पीडीएफ, उजळपणाचे ठरलेले माप, कागदाचे नाव आणि जीएसएम, दुकानदाराने घेतलेला दर आणि एक न छाटलेली प्रत हे सगळे एका लिफाफ्यात घालून त्यावर तारीख लिहून ठेवावी, म्हणजे पन्नास प्रती संपल्यावर दुसरी आवृत्ती एका दिवसात काढता येते.